जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण असा गेला

गॅलरीतल्या जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळत होत्या. शेंड्यांवर पिठ्या ढेकूण या किडीचा कापसासारखा थर, पानं चिकट. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा लिक्विड साबण (त्याशिवाय तेल पाण्यात मिसळतच नाही) घालून संध्याकाळी फवारलं. काही दिवसांत कीड परत हजर! खरी मेख मुंग्यांची होती. या किडीतून पाझरणारा गोड चिकटा खायला त्या येतात आणि तिची राखणही करतात. मग कुंडी भिंतीपासून सरकवून पाण्याच्या परातीत विटेवर ठेवली, मुंग्यांची वाटच बंद. किडके शेंडे छाटले, उरलेला थर जुन्या टूथब्रशने खरवडला, पानांच्या खालूनही दर आठवड्याला फवारणी चालू ठेवली. आता कळ्या टिकताहेत. परातीतलं पाणी मात्र दर दोन-तीन दिवसांनी बदलाच, डास होतात.