सरकारी दवाखाना वाचवायला निघालात? मग या चुका टाळा

नागपुरात सरकारी दवाखान्यासाठी माणसं गोळा करणं तसं अवघड नाही. मेडिकल किंवा मेयो या इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांची पायरी चढलेलं कुणीच नाही, असं घर शोधावं लागेल. भंडारा-गोंदियाहून, गडचिरोलीहून, पार बालाघाट-छिंदवाड्याहून रुग्ण इथे येतात. त्यामुळे ‘खाजगीकरण’ हा शब्द कानावर पडला की बॅनर छापायला वेळ लागत नाही. संविधान चौकात धरणं होतं, पेपरात फोटो येतो, आणि मग पुढे काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. बहुतेक वेळा मूळ गोष्टच राहून गेलेली असते: नक्की कुठल्या कागदाला विरोध आहे, आणि त्या कागदावर सही कुणाची आहे.

शासन निर्णय न वाचताच घोषणा देणं

‘मेडिकल विकायला काढलं’ असा मेसेज फिरतो. कुठल्या तारखेचा निर्णय, कुठला विभाग, विकलं म्हणजे नक्की काय केलं, याचा पत्ता नसतो. समोरचा अधिकारी शांतपणे म्हणतो, ‘असा कोणताही प्रस्ताव नाही.’ तो खरंच बोलत असतो, कारण इमारत कुणी विकत नाहीच. सफाई कंत्राटावर जाते, तपासण्या बाहेरच्या लॅबकडे जातात, परिचारिकांची भरती एजन्सीमार्फत होते, एखादा विभाग भागीदारीत चालवायला दिला जातो. प्रत्येकाचा कागद वेगळा, आणि प्रत्येक कागदावरचा आक्षेपही वेगळा.

शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात. उघडलात की आधी वरचा भाग बघा: विभागाचं नाव, क्रमांक, तारीख. त्याखाली ‘वाचा’ म्हणून एक यादी असते, म्हणजे आधीचे निर्णय, पत्रं, बैठकांची इतिवृत्तं. बरेच जण ती ओलांडून थेट मजकुरावर जातात. खरं तर प्रकरण कुठून सुरू झालं ते या यादीतच कळतं. आज अचानक आल्यासारखा वाटणारा निर्णय तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या धोरणाचं शेपूट निघतो. शेवटी परिशिष्ट असेल तर तेही वाचा. मुदत किती वर्षांची, दर कोण ठरवणार, काम बिघडलं तर दंड काय, हे सगळं तिथे असतं. नीती आयोगाने 2020 च्या जानेवारीत जिल्हा रुग्णालयं खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडायची योजना मांडली, तेव्हा मथळ्यात काही भयंकर नव्हतं. गंमत आत होती: काही खाटांवर सवलतीचे दर आणि काही खाटा बाजारभावाच्या. ‘खाजगीकरण रद्द करा’ यापेक्षा ‘बाजारभावाच्या खाटांचं कलम काढा’ ही मागणी टाळणं सरकारला जास्त जड जातं.

कागद नेमका धरला की काय होतं, याचं एक उदाहरण आहे. 6 सप्टेंबर 2023 च्या शासन निर्णयाने नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा मार्ग मोकळा केला होता. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरांपासून कर्मचारी संघटनांपर्यंत सगळे याच एका निर्णयाची तारीख घेऊन रस्त्यावर आले. 20 ऑक्टोबरला तो रद्द करत असल्याची घोषणा झाली.

निवेदन भलत्याच साहेबांना देणं

नागपुरात ही चूक सगळ्यात जास्त होते, कारण इथे सरकारी दवाखान्यांचे मालक पाच. मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. तिथे अधिष्ठाता (डीन) असतात. डागा स्त्री रुग्णालय आणि प्रादेशिक मनोरुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. गल्लीतले मनपा दवाखाने महापालिकेकडे. गावातली प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. आणि मिहानमधलं एम्स थेट केंद्राकडे. जिल्हाधिकाऱ्यांना दिलेलं निवेदन यातल्या कुणाकडेही ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ रवाना होऊ शकतं, आणि तिथेच संपतं.

हा फरक नुसता कागदी नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्यात सरकारी उपचार मोफत झाले, असं सगळ्यांनी ऐकलं. पण तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांपुरता होता. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात नव्हती. म्हणजे डागाला उपचार मोफत, आणि तीच बाई पुढच्या उपचारांसाठी मेडिकलला पाठवली की केसपेपरपासून पैसे मोजायचे. ज्यांनी या मुद्द्यावर आरोग्यमंत्र्यांना पत्रं लिहिली, त्यांनी चुकीचं दार ठोठावलं. वैद्यकीय शिक्षण मंत्री वेगळे असतात.

महापालिकेचं आणखी एक. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे बराच काळ तिथे प्रशासक होता. अशा वेळी माजी नगरसेवकाला पुढे करून फोटो चांगला येतो, पण सहीचा अधिकार आयुक्तांचा असतो.

निवेदन कुणालाही द्या, आवक शाखेत द्या. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. साहेबांच्या केबिनमध्ये हसतमुखाने दिलेल्या निवेदनाचा फोटो असतो, नोंद नसते. पुढे माहितीच्या अधिकारात ‘त्या निवेदनावर काय कार्यवाही झाली’ विचारलं की उत्तर येतं, ‘सदर निवेदन अभिलेखात आढळून येत नाही.’

दवाखाना झकास चालतोय असं भासवणं

बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत सकाळपासून उभ्या असलेल्या बाईला ‘आपला सरकारी दवाखाना वाचवू या’ म्हणून बघा. ती म्हणेल, ‘वाचवून काय करू भाऊ, औषध तर बाहेरूनच आणायला लावतात.’ तिचं खरं आहे. सरकारला बदल आणायला निमित्त मिळतं ते याच त्रासातून. तुम्ही तो नाकारलात की रुग्ण तुमच्या बाजूने येत नाही, आणि खाजगी भागीदार आला तर निदान मशीन तरी चालेल, असं त्याला वाटू लागतं.

म्हणून चिठ्ठ्या गोळा करा. बाहेरून औषध आणायला लिहून दिलेली ती चिठोरी हा तुमच्याकडचा सगळ्यात भारी पुरावा आहे. तारीख, विभाग, औषधाचं नाव आणि दुकानाचं बिल एवढं दिसू द्या. रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, आजार झाका. रुग्णाचा चेहरा तर अजिबात टाकू नका. वॉर्डात मोबाइल काढून लाइव्ह करणारे कार्यकर्ते मला कधी समजले नाहीत. ज्याच्यासाठी लढायचं त्याचीच लाज काढायची, हा कुठला न्याय?

चिठ्ठ्यांना जोड माहिती अधिकाराची. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो दीडशे शब्दांत. लोक इथेच घसरतात: ‘औषधं का मिळत नाहीत?’ असं विचारतात. ‘का’ला उत्तर देणं त्यांना बंधनकारक नाही. कागद मागा: अमुक महिन्यातल्या औषध भांडाराच्या साठा नोंदवहीची प्रत, मागणीपत्रांच्या प्रती, मंजूर आणि रिक्त पदांचं संवर्गनिहाय विवरण. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. अपिलाची तारीख चुकवणारे अर्जदार त्या कार्यालयाला फार आवडतात.

औषधांचा मुद्दा काढताना खरेदी कुणाकडे आहे तेही बघा. आधी हाफकिनकडे होती, 2023 च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. मेडिकलच्या अधिष्ठात्यांना घेराव घालून खरेदीची फाइल हलत नाही.

डॉक्टर-नर्सवर राग काढणं

निवासी डॉक्टर, परिचारिका, चतुर्थश्रेणी कर्मचारी हे तुमचे पहिले साथीदार. मे 2022 मध्ये बाह्यस्रोतातून भरतीच्या विरोधात राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या, म्हणजे तुमचीच मागणी घेऊन. तेव्हा शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या म्हणून त्यांना शिव्या घालणारे काही जण पुढे कंत्राटीकरणविरोधी मोर्चात दिसले. संपात रुग्णाचे हाल होतात, ते लपवू नये; पण संपाआधीच संघटनेशी बोलून अत्यावश्यक सेवेचं काय, हे ठरवून घेता येतं.

वॉर्डात शिरून आरडाओरडा तर नकोच. 2010 च्या राज्य कायद्याने वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरची हिंसा आणि मालमत्तेची तोडफोड हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. शिवाय रुग्णालयाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. गेटवर डीजे लावून दिलेलं भाषण पोलिसांना आयतंच सापडतं. पत्रकं वाटा, फलक धरा, भाषण चौकात करा.

सगळी ताकद डिसेंबरवर लावणं

हिवाळी अधिवेशन आलं की यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात आणि ठरलेल्या जागी अडवले जातात. चार जणांचं शिष्टमंडळ आत जातं, मंत्री ‘सकारात्मक’ असतात, आणि गाड्या परततात. मोर्चा काढू नका असं माझं म्हणणं नाही. पण आमदाराकडून तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) किंवा लक्षवेधी सूचना हवी असेल तर त्याची तयारी दिवाळीच्या आसपास सुरू व्हायला हवी. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते. प्रश्नाचा मसुदा तुम्हीच करून द्या. स्वीय सहायकाला आयता मसुदा मिळाला तर तो पुढे जातो, नाहीतर पडून राहतो.

नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्याही, म्हणजे वर्षाच्या मधेच मागितलेला जादा निधी, येतात. त्यात दोन्ही आरोग्य विभागांच्या नावापुढे काय आहे, हे मोर्च्यातले फार थोडे बघतात. खरा पैसा मात्र मार्चमधल्या अर्थसंकल्पात, मुंबईत ठरतो. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी 2020 पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून जास्त खर्च आरोग्यावर करावा असं म्हटलंय. हा आकडा आमदाराच्या खिशात घालून ठेवा.

लगेच हायकोर्ट

खंडपीठ सिव्हिल लाइन्सलाच आहे म्हणून जनहित याचिकेची घाई होते. आधी संबंधित विभागाला निवेदन, उत्तराची वाट, माहिती अधिकारातले कागद, मग वकील. एरवी ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ हे वाक्य पुढची काही वर्षं प्रत्येक अधिकारी तुमच्याच तोंडावर फेकेल.

स्थगितीचे पेढे वाटणं

मंत्री पत्रकार परिषदेत ‘स्थगिती दिली’ म्हणाले की ग्रुपवर फटाके वाजतात. स्थगिती म्हणजे निर्णय जिवंत आहे, फक्त झोपलाय. रद्द झाल्याचा शासन निर्णय हातात येईपर्यंत बैठका चालू ठेवा. तो आला की त्यातही एक शब्द शोधा: ‘अधिक्रमित’. जुना निर्णय अधिक्रमित केलाय म्हणजे त्याच्या जागी नवा आलाय, आणि कधी कधी तो त्याच कागदाच्या दुसऱ्या पानावर असतो. निविदांच्या संकेतस्थळावरही दर आठवड्याला एक नजर टाकायचं काम कुणाला तरी नेमून द्या. धोरण मागे घेतलं तरी निविदा निघू शकते, आणि तिची मुदत फार थोड्या दिवसांची असते.