मुलांना सवयी लावताय? या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतलं कुठलंही किराणा दुकान घ्या. पोरगं चॉकलेटसाठी हट्टाला पेटलंय. आई दोनदा "नाही म्हटलं ना" करते. मग ते भुईवर लोळायला लागतं, लोक बघायला लागतात, आणि "घे बाबा एकदाचं!" पोरगं शिकलं: नुसतं मागून मिळत नाही, लोळलं की मिळतं. आईसुद्धा शिकली: दिलं की कालवा थांबतो. पुढच्या वेळी ती लवकर देणार. मानसशास्त्रात साधक अभिसंधान म्हणतात (वागण्याचं जे फळ मिळतं, त्यावरून सवय लागणं) ते हेच, फक्त भलत्या दिशेनं चाललेलं.

वर्तनाच्या मागोमाग जे हाती लागतं, त्यावर ते वर्तन टिकणार की विरणार हे ठरतं, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरचं म्हणणं. त्यात सगळ्यात महागात पडते ती धरसोड. पाचदा नाही म्हणून सहाव्यांदा दिलं की हट्ट मोडत नाही, चिवट होतो. फर्स्टर आणि स्किनर यांनी 1957 मध्ये कबुतरांवरच्या प्रयोगांतून हेच दाखवलं: बटणावर चोच मारली की दाणा, पण तो कितव्या टोचणीला मिळेल याचा नेम नसला की कबुतर टोचतच राहतं.

देणं बंद केलं की सुरुवातीला रडारड वाढू शकते. नेमकं तिथंच घरचे कच खातात. आजी "रडवू नकोस गं लेकराला" म्हणते आणि पदराआडून लाडू देते. म्हणून आधी आजीशी बोला. (भुकेनं किंवा दुखतंय म्हणून रडणं वेगळं, तिकडं दुर्लक्ष नको.)

दुसरी गफलत लांबच्या वायद्यांची. "दहावीला नव्वद टक्के पाड, गाडी घेतो." लायसन्सचं वय झालेलं नसतं, ते सोडा, पण आज संध्याकाळी पुस्तक उघडायला त्याचा काय उपयोग? तालमीत वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी शंभर जोर सांगत नाही. दहा नीट मारले की तिथल्या तिथं पाठीवर थाप, मग आकडा वाढतो. अभ्यासही पंधरा मिनिटांपासून सुरू होऊ द्या.

आवडीनं चित्रं काढणाऱ्या पोरीला चित्रामागे दहा रुपये लावू नका. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या 1973 च्या प्रयोगात, चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल असं आधीच सांगितलेली बालवाडीतली मुलं पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना ते न सांगता मिळालं, त्यांची आवड तशी घटली नाही.

मारण्याबद्दल थोडकंच. त्यातून काय करू नये ते कळतं, काय करावं ते नाही. मोबाईलवरून मार खाल्लेलं पोरगं मोबाईल सोडत नाही, गच्चीवर जाऊन बघतं. त्यापेक्षा त्यानं आपण होऊन तो खाली ठेवला, की लगेच "चल, रंकाळ्यावर चक्कर मारून येऊ" म्हणा, आणि खरंच जा.