शांतता शिक्षण: चिंचोक्यांच्या खेळापासून फेलोशिपच्या अर्जापर्यंत

फळ्यावर नुसतं ‘शांतता’ असं लिहा आणि काय होतं ते पाहा. निम्मी पोरं तोंडावर बोट ठेवतात. आपल्या शाळांत हा शब्द ‘गप्प बसा’ याच अर्थाने रुजलाय. शांतता शिक्षणाचं, म्हणजे भांडणं समजुतीने मिटवायला आणि वाटून घ्यायला शिकवण्याचं इंग्रजी साहित्य शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणलं की पहिल्याच तासाला घोळ होतो तो इथे. मुलांशी बोलताना ‘सलोखा’, ‘वाटणी’, ‘भांडण मिटवणं’ हे शब्द वापरा. ‘शांतता शिक्षण’ आणि ‘जागतिक नागरिकत्व’ अर्जात, अहवालात राहू द्या.

दुसरा घोळ क्रमाचा. व्हॉट्सॲपवर शिक्षकांसाठीच्या एखाद्या फेलोशिपची, म्हणजे खर्चासह अभ्यासाच्या संधीची, जाहिरात येते, मुदतीला आठ दिवस उरलेले असतात आणि मग दाखवण्यासारखं काम शोधायला सुरुवात होते. निवड करणारे बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट उलटसुलट विचारतात: तुमच्या वर्गात काय बदललं, आणि ते तुम्हाला कशावरून कळलं? याचं उत्तर आठ दिवसांत तयार होत नाही. म्हणून जूनमध्ये एक उपक्रम, वर्षभर त्याची नोंद, मग परदेशातल्या वर्गाशी जोडणी आणि शेवटी अर्ज, असं चाला.

सुरुवात पाण्यापासून

मराठवाड्यात वाटणीचा विषय शोधायला लांब जावं लागत नाही. हापशावरची रांग, टँकरभोवतीची रेटारेटी मुलांनी पाहिलेली असते. सहावी ते आठवीसाठी 40 मिनिटांच्या दोन सलग तासिका घ्या. पहिली ते आठवीला शनिवारी ‘आनंददायी शनिवार’ असतो, त्यात हे बसतं.

साहित्य म्हणजे 100 चिंचोके आणि आठ चिठ्ठ्या. एक चिंचोका म्हणजे एक घागर. चिठ्ठ्यांवर घरं आणि त्यांची आठवड्याची गरज लिहा: एकटी आजी 10, नवीन जोडपं 10, शिंप्याचं घर 12, चार माणसांचं घर 14, बाळंतिणीचं घर 16, चहाचं हॉटेल 20, दोन म्हशींचं घर 24, बैलबारदाना असलेलं मोठं एकत्र कुटुंब 34. बेरीज 140 होते, पाणी 100 च आहे. मुलांचे आठ गट करा, प्रत्येकाला एक चिठ्ठी.

पहिली फेरी ‘जो आधी येईल त्याचं’. ही अर्ध्या मिनिटात संपते आणि आजीच्या गटाच्या हाती बहुधा दोन-तीनच चिंचोके लागतात. दुसऱ्या फेरीत सगळ्यांना सारखी वाटणी, म्हणजे साडेबारा घागरी. आता आजीकडे उरतं आणि म्हशी तहानेल्या राहतात. तिसऱ्या फेरीआधी 15 मिनिटं द्या. गटांनी बसून नियम ठरवायचा आणि तो फळ्यावर लिहायचा. खेळाचा जीव या 15 मिनिटांत आहे. ती वाचवण्यासाठी गरज पडली तर पहिल्या दोन फेऱ्या आवरत्या घ्या.

बिघडतं ते ठरलेल्या जागी. मुलं चिठ्ठीवरच्या घराला गावातल्या खऱ्या घराचं नाव देतात आणि खेळाचं भांडण खरं होतं. म्हणून ‘कुणाचंही नाव घ्यायचं नाही’ हा नियम खेळाआधी सांगा. गोंधळ वाढला की शिक्षक स्वतःच वाटणी करून देतात. तिथे खेळ संपला, कारण मुलं एवढंच शिकली की वाटणी मोठ्या माणसाने करायची असते. आणि तिसऱ्या फेरीत एकमत झालंच नाही तर न झालेलं एकमतही फळ्यावर लिहा. तसंच सोडून द्यायला हरकत नाही.

खेळानंतर एकच प्रश्न: पहिल्या फेरीत कुणी कुणाला मारलं का? नाही. तरी आजी तहानलेलीच राहिली. योहान गाल्टुंग या नॉर्वेच्या अभ्यासकाने 1969 मध्ये उघड हिंसा आणि समाजाच्या रचनेत मुरलेली हिंसा असा जो फरक मांडला, तो आठवीच्या मुलाला यापेक्षा सोपा करून सांगता येणं अवघड आहे. त्याचं नाव मुलांना सांगितलं नाही तरी चालतं. तुमच्या अहवालात मात्र असू द्या.

जगाकडे जाणारा रस्ता इथूनच निघतो. मार्च 2016 मध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीत सुमारे 5 लाख लिटर होतं. 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन शहरात माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा घातली गेली. मुलांना घरचं मोजमाप करून आणायला सांगा: बादल्या, घागरी, माणसं. बऱ्याच घरांचा आकडा 50 च्या खाली येतो आणि मुलं स्वतःच विचारतात की मग त्यांची ती मर्यादा कशी आणि आपलं हे रोजचं कसं? चवदार तळ्याचा 20 मार्च 1927 आणि जागतिक जलदिनाचा 22 मार्च कॅलेंडरात दोन दिवसांच्या अंतराने येतात. पण मार्चमध्ये परीक्षेची घाई असते, तेव्हा हा तास जानेवारीतच उरकलेला बरा.

सप्टेंबरही असाच सोयीचा. 17 तारखेला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, 21 ला आंतरराष्ट्रीय शांतता दिन. झेंडावंदन आणि भाषणं होतातच; मधले तीन दिवस मुलांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना 1948 बद्दल विचारून यायला वापरा. प्रश्न तीनच द्या, जास्त दिले की मुलं उत्तरं घरी बसून बनवतात.

गावातला ताण वर्गात आला तर

आरक्षण, मिरवणूक, पुतळा, व्हॉट्सॲपचं स्टेटस यावरून गाव तापलं की दुसऱ्या दिवशी बाकांच्या जागा बदललेल्या दिसतात. अशा वेळी तोच विषय लगेच काढू नका. आधी लांबचं उदाहरण घ्या, मग काळाने लांब गेलेलं जवळचं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव 27 जुलै 1978 चा आणि नामविस्तार 14 जानेवारी 1994 चा. या साडेपंधरा वर्षांची कालरेषा नववी-दहावीला काढता येते, पण मुख्याध्यापकांना तासाचं टाचण आधी दाखवून आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या कानावर घालून. कोणत्याही मुलाला ‘तुमच्यात काय म्हणतात?’ असं विचारायचं नाही. एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं.

मराठीत तयार साहित्य हवं असेल तर ‘मूल्यवर्धन’ची पुस्तकं पाहा. संविधानातल्या मूल्यांवर आधारलेला हा कार्यक्रम 2009 मध्ये बीड जिल्ह्यातल्या 500 शाळांत सुरू झाला आणि पुढे राज्यभर गेला. ‘एनसीईआरटी’चं शांतता शिक्षणावरचं शिक्षकांसाठीचं पुस्तकही आहे, इंग्रजीत. ऑक्सफॅम या गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेच्या जागतिक नागरिकत्वावरच्या शिक्षक-पुस्तिका फुकट उतरवून घेता येतात; त्यातली वादग्रस्त विषय शिकवण्यावरची पुस्तिका आधी वाचा. गॅपमाइंडर या संस्थेच्या ‘डॉलर स्ट्रीट’ संकेतस्थळावर जगभरच्या घरांतल्या चुली, दात घासायची साधनं, अंथरुणं यांचे फोटो उत्पन्नानुसार लावलेले आहेत. भाषा लागतच नाही, म्हणून तिसरी-चौथीलाही चालतं.

नोंद

प्रत्येक तासाला एक पान. तारीख, इयत्ता, हजर मुलं, विचारलेला प्रश्न, मुलांची तीन वाक्यं त्यांच्याच बोलीत, आणि काय फसलं. शेवटची ओळ रिकामी ठेवू नका, निवड समितीला तीच खरी वाटते. फोटो दोन पुरे. चेहरे दिसत असतील तर पालकांची लेखी संमती घ्या, नाहीतर पाठमोरे काढा.

बदल मोजायला तक्रार वही ठेवा. मुलांनी तुमच्याकडे आणलेली भांडणं जुलैचे चार आठवडे आणि जानेवारीचे चार आठवडे मोजा. त्यातली किती मुलांनी आपसात मिटवली तेही लिहा. मधल्या काळात आकडा वाढला तर घाबरू नका. ऐकून घेतलं जातंय हे कळलं की मुलं जास्त तक्रारी आणतात. पाहायचं ते आपसात मिटवलेल्यांचं प्रमाण.

परदेशातला वर्ग जोडताना

‘आयअर्न’ हे 1988 पासूनचं शाळांचं जाळं आहे, त्याचं भारतातलं केंद्र पुण्यात आहे. त्यांच्या ‘लर्निंग सर्कल’मध्ये वेगवेगळ्या देशांचे काही वर्ग मिळून एका विषयावर काम करतात. वर्षात दोन फेऱ्या असतात. दुसरी फेब्रुवारीनंतरची, ती आपल्या परीक्षांत अडकते. ऑक्टोबरची घ्या आणि दिवाळीच्या सुट्टीत उत्तरं येणार नाहीत हे जोडीदार वर्गांना पहिल्याच पत्रात कळवून टाका. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं त्याच सुमाराला पांगतात. त्यांचं काम ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच करून घ्या.

थेट बोलायचं तर घड्याळ पाहून देश निवडा. केनिया आपल्या अडीच तास मागे, म्हणजे आपली साडेदहा ते पाच शाळा त्यांच्या आठ ते अडीचशी जुळते. जपान साडेतीन तास पुढे. सकाळी साडेदहा ते बारा एवढीच फट मिळते. अमेरिकेचा नाद सोडा, तिथे दोन मिनिटांचे आवाज रेकॉर्ड करून पाठवलेले बरे. संवाद 25 मिनिटांचा ठेवा, फोन चार्ज करून, वीज जाणारच असं धरून. पाठ केलेलं ‘माय नेम इज’ पाच मुलांनी म्हटलं की समोरचा वर्ग कंटाळतो. त्यापेक्षा एकीने ज्वारीची भाकरी दाखवावी, एकाने कापसाचं बोंड. मुलांनी मराठीत बोलावं, तुम्ही ते इंग्रजीत सांगावं.

शाळा म्हणून जायचं असेल तर युनेस्कोचं सहयोगी शाळांचं जाळं 1953 पासून आहे. अर्ज दिल्लीतल्या युनेस्को सहकार्य राष्ट्रीय आयोगामार्फत जातो. सदस्यत्व शाळेचं असतं, शिक्षकाचं नव्हे, त्यामुळे तुमची बदली झाली की मागे काम सांभाळणारा सहकारी आधीच तयार हवा.

फेलोशिप

रोटरी पीस फेलोशिप शांतता या विषयाच्या अभ्यासासाठी असते, तिचा खर्च रोटरी ही सेवाभावी संस्था उचलते. पदव्युत्तर अभ्यासासाठी तीन वर्षांचा आणि प्रमाणपत्रासाठी पाच वर्षांचा संबंधित अनुभव लागतो, इंग्रजीही चांगलं हवं. पुण्याच्या सिम्बायोसिस विद्यापीठातही आता रोटरीचं शांती केंद्र आहे. एक मेख अशी की स्वतः रोटरी सदस्य असलेल्यांना अर्ज करता येत नाही. शेवटची तारीख बहुधा 15 मे, ऐन सुट्टीतली. मुख्याध्यापकांचं पत्र एप्रिलमध्येच घेऊन ठेवा.

जपान सरकारची शिक्षक प्रशिक्षण शिष्यवृत्ती दीड वर्षापर्यंतची असते. वय 35 च्या आत आणि शाळेत शिकवण्याचा पाच वर्षांचा अनुभव. सुरुवातीचे सहा महिने जपानी भाषेचे. माध्यमिक शिक्षकांसाठी फुलब्राइट या अमेरिकी शिष्यवृत्तीचा सहा आठवड्यांचा कार्यक्रम आहे, त्याची जाहिरात निघाली की नाही ते भारत-अमेरिका शैक्षणिक प्रतिष्ठानच्या संकेतस्थळावरच पाहा.

या तिन्हींना अर्जाचं शुल्क नाही. ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कारासाठी निवड झाली, नोंदणीचे इतके हजार भरा, असा मेल आला की तो तिथेच पुसा. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये 10 लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांत वाटली. खरा पुरस्कार पैसे देतो, मागत नाही.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ पासपोर्ट आणि परवानगी खातात. सरकारी किंवा जिल्हा परिषद कर्मचाऱ्याला पासपोर्टसाठी ना हरकत प्रमाणपत्राऐवजी कार्यालयाला दिलेलं पूर्वसूचना पत्रही चालतं. ते द्या, पोच घ्या. परदेश प्रवासाची परवानगी ही वेगळी बाब आहे. तिचा प्रस्ताव मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी असा वर जिल्हा परिषदेत जातो. प्रत्येक टेबलावरची पोच आणि जावक क्रमांक एका वहीत लिहून ठेवा, आणि निवडीचं पत्र यायची वाट न पाहता अर्ज केल्याच दिवशी कार्यालयाला लेखी कळवा.