गरिबांना कोर्टकचेरीत मदत करणाऱ्या संस्थेसाठी ग्रँट कशी मागायची

ग्रँट मागायची म्हटलं की बहुतेक संस्था थेट प्रपोजल लिहायला बसतात. माझं म्हणणं आहे आधी इनटेकचा फॉर्म उघडून बघा. घर खाली करायची नोटीस आलेली, पोटगी अडकलेली, मालकाने पगार बुडवलेला अशी माणसं पहिल्यांदा येतात तेव्हा जे लिहून घेतलं जातं त्यातूनच पुढे प्रपोजल निघतं आणि रिपोर्टही, आणि तिथे रकानाच नसेल तर वर्षअखेरीला ती माहिती कुठूनच मिळत नाही.

फॉर्ममध्ये हे रकाने हवेतच: घरात माणसं किती, उत्पन्न किती, पुढची तारीख कधी, समोरची पार्टी कोण (हे सगळ्यात आधी विचारा, तीच पार्टी आपली पक्षकार निघाली तर केस घेता येत नाही) आणि शेवटी काय झालं. हा शेवटचा रकाना हमखास अर्धवट राहतो, नुसतं "केस बंद" लिहून मोकळे होतात. त्यापेक्षा "घर वाचलं", "घर सोडायला मुदत मिळाली", "पोटगीची ऑर्डर झाली, वसुली बाकी" असं लिहा. आणि नुसता सल्ला दिलेल्या केसेस वेगळ्या, कोर्टात उभं राहून लढलेल्या वेगळ्या मोजा, कारण दोन्ही एकत्र केल्या की आकडा मोठा दिसतो खरा पण एका केसला खर्च किती येतो असं फंडरने म्हणजे पैसे देणाऱ्याने विचारलं तर सांगायला काही उरत नाही.

आता पैसा कुठला घ्यायचा. सरकारी पैसा मोठा असतो पण अटींसकट येतो. अमेरिकेचं उदाहरण घ्या, तिथे १९७४ च्या कायद्याने लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन उभी राहिली, ती संस्थांना दिवाणी केसेससाठी ग्रँट देते, पक्षकाराचं उत्पन्न साधारणपणे दारिद्र्याच्या सरकारी मर्यादेच्या १२५ टक्क्यांच्या आत लागतं, आणि १९९६ पासून ग्रँट घेणाऱ्या संस्थेला क्लास अ‍ॅक्शन म्हणजे अनेकांच्या वतीने एकत्र दावा चालवता येत नाही, दुसऱ्या देणगीदाराच्या पैशातूनसुद्धा नाही. म्हणून अटी अर्ज करायच्या आधी वाचा, मंजुरीनंतर नाही. तिथला दुसरा मार्ग आयोल्टा, म्हणजे वकिलांकडे पक्षकारांचे थोड्या दिवसांसाठी ठेवलेले पैसे एका सामायिक खात्यात राहतात आणि त्याचं व्याज कायदेविषयक मदतीला जातं. कल्पना सुंदर आहे, पण २००८ च्या मंदीत व्याजदर कोसळले आणि हे उत्पन्नही कोसळलं, नेमकं लोकांची घरं आणि नोकऱ्या जात होत्या तेव्हाच! एकाच फंडरवर संस्था उभी करू नका, ते यासाठीच.

बजेटमध्ये वकिलाचा पगार सगळे धरतात, पण दुभाषी, कोर्ट फी, केस मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर, मालप्रॅक्टिस इन्शुरन्स (वकिलाच्या चुकीने पक्षकाराचं नुकसान झालं तर त्यासाठीचा विमा) आणि ऑडिट राहून जातं. एकाच वकिलाचा तोच तास दोन ग्रँटवर टाकता येत नाही, त्यामुळे टाइमशीट रोजच्या रोज भरा, महिन्याच्या शेवटी आठवून भरलेली टाइमशीट ऑडिटर लगेच ओळखतो. आणि आधी खर्च करा मग बिल पाठवा अशी ग्रँट असेल तर मधल्या काळातले पगार कुठून द्यायचे ते ठरवूनच सही करा.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फंडरला पक्षकारांच्या कहाण्या हव्या असतात, पण पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं गुपित असतं. मारहाणीतून सुटून आलेल्या बाईचं नुसतं नाव बदलून भागत नाही, गाव, मुलांची वयं, कोर्टाची तारीख यावरून नवरा तिला ओळखू शकतो. लेखी संमती घ्या, नाही म्हणाली तर मदत थांबणार नाही हे तिला स्पष्ट सांगा, आणि फंडर केसची फाईल बघायला मागत असेल तर करारातच लिहून घ्या की आकडे मिळतील, फाईल नाही.

प्रपोजल नामंजूर झालं तर गप्प बसू नका, फंडरच्या प्रोग्रॅम ऑफिसरला फोन करून कुठे कमी पडलं ते विचारा, बरेचजण सांगतात, आणि ते लगेच लिहून ठेवा म्हणजे पुढच्या अर्जाच्या वेळी हाताशी राहील.