ट्रॅव्हल नर्सचा करार: सहीआधी आकड्याची फोड मागा

अमेरिकेत ट्रॅव्हल नर्सच्या, म्हणजे एजन्सीमार्फत थोड्या आठवड्यांच्या करारावर गावोगावच्या हॉस्पिटलांत काम करणाऱ्या नर्सच्या, जाहिरातीत आठवड्याच्या कमाईचा एकच घसघशीत आकडा दिलेला असतो. एजन्सीच्या रिक्रूटरकडून (भरती करणाऱ्याकडून) त्याची फोड लेखी मागवा: तासाचा करपात्र दर, घरभत्ता, जेवणभत्ता आणि प्रवासखर्च.

समजा, तासाला 30 डॉलर आणि आठवड्याला 36 तास, म्हणजे 1,080 डॉलर. घरभत्ता 900 आणि जेवणभत्ता 400 धरले की झाले 2,380, म्हणजे तासाला साधारण 66. आता ओव्हरटाइमचा दर विचारा. तो 30 च्या दीडपट, म्हणजे 45 असेल, तर जादा तास नेहमीच्या तासापेक्षा स्वस्तात जातो. तासांप्रमाणे कमीजास्त होणारा भत्ता वेतनच मानून ओव्हरटाइमच्या दरात धरावा, असा निकाल नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांच्या) संघीय अपील न्यायालयाने 2021 मध्ये दिला आहे. कॅलिफोर्निया त्याच सर्किटमध्ये येते.

खरी मेख करात आहे. भत्ते करमुक्त मिळतात ते तुमचं 'टॅक्स होम', म्हणजे कराच्या हिशेबात धरलं जाणारं कायमचं ठिकाण, असेल तरच. आयआरएस (अमेरिकेचं कर खातं) तीन गोष्टी पाहते: मूळ गावाच्या परिसरात तुम्ही काही काम करता का, कामानिमित्त बाहेर राहताना मूळ घराचाही खर्च चालू असतो का, आणि त्या घराशी राहण्याचा संबंध टिकून आहे का. यातली एकच बसत असेल तर तुम्ही फिरस्ते ठरता आणि सगळे भत्ते करपात्र होतात. भावाच्या घरचा नुसता पत्ता लावून भागत नाही. बाजारभावाने भाडं देत असाल तर त्याच्या पावत्या जपा. घरापासून 50 मैल लांब गेलं की भत्ता करमुक्त, हा समज चुकीचा आहे. ती अट हॉस्पिटलं आणि एजन्सी आपापली घालतात. एकाच ठिकाणचं काम वर्षापेक्षा जास्त चालणार हे ठरलं, की तेव्हापासून ते तात्पुरतं राहत नाही आणि भत्ते करपात्र होतात. 13 आठवड्यांचा करार वाढवून घेताना हे लक्षात असू द्या.

करपात्र दर फार कमी ठेवला तर हातात जास्त येतं खरं, पण गृहकर्ज, बेकारी भत्ता आणि पुढची सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) त्याच लहान आकड्यावर ठरतात.

करारात सगळ्यात आधी शिफ्ट रद्द होण्याचं कलम वाचा. हॉस्पिटल पगार न देता किती शिफ्ट रद्द करू शकतं? 36 पैकी 12 तास गेले तर घरभत्ताही कापणार का? आजारपणासाठीही हेच विचारा. 'हमीचे तास' हे शब्द करारात नसतील तर रिक्रूटरच्या तोंडी आश्वासनाला किंमत नाही.

एजन्सीचं घर घेतलं तर घरभत्ता मिळत नाही. स्वतः शोधणार असाल तर सुरुवातीचे दिवस एक्स्टेंडेड स्टे हॉटेलात काढा आणि मग महिन्याच्या बोलीवरचं घर घ्या. तीन महिन्यांच्या लीजवर सही केली आणि करार मध्येच तुटला, तर भाडं तुमच्याच गळ्यात पडतं. घर पाहिल्याशिवाय डिपॉझिट पाठवू नका.

आरोग्य विमा पहिल्या दिवसापासून की महिन्यानंतर, आणि दोन करारांमधल्या सुट्टीत तो चालू राहतो का, हे विचारून घ्या. तो तुटला तर कोब्रा (नोकरी सुटल्यावरही तोच विमा स्वखर्चाने चालू ठेवण्याची कायदेशीर सोय) घ्यायचा की नाही हे ठरवायला किमान 60 दिवस मिळतात आणि संरक्षण मागच्या तारखेपासून लागू होतं. मात्र संपूर्ण हप्ता, वर 2 टक्क्यांपर्यंत प्रशासकीय खर्च, तुम्हालाच भरावा लागू शकतो.

कॅलिफोर्निया नर्स लायसन्स कॉम्पॅक्टमध्ये (एका लायसन्सवर अनेक राज्यांत काम करू देणाऱ्या राज्यांच्या करारात) नाही, तिथलं लायसन्स वेगळं काढावं लागतं. त्याची फी एजन्सी देणार असेल तर तेही करारात लिहून घ्या.