वाचनालयात ‘नीट बोलावं कसं’ यावर पुस्तकचर्चा ठेवताय? या चुका टाळा

पुण्याला व्याख्यानं ऐकायची सवय जुनी. न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला १८७५ची. पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८चं. इथला श्रोता दीड तास निमूट ऐकतो आणि शेवटी ‘एकच प्रश्न’ म्हणून उभा राहतो तो दहा मिनिटं बोलतो. व्याख्यानाला हे चालून जातं. पुस्तकचर्चा मात्र यानंच बिघडते, आणि पुस्तक संवादावरचं असेल तर जास्तच.

म्हणून मंच, माईक, अध्यक्ष, शाल-श्रीफळ काहीही नको. खुर्च्या गोलात मांडा. वीसपेक्षा जास्त माणसं आली तर दोन गोल करा.

अख्खं पुस्तक चर्चेला घेणं ही दुसरी चूक. वाचनालयात प्रती एक किंवा दोन, त्याही कुणाकडे तरी अडकलेल्या. एक प्रकरण निवडा आणि चर्चेच्या सुरुवातीला त्यातली दोन पानं मोठ्यानं वाचा. न वाचता आलेल्यांनाही मग बोलता येतं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पुस्तकातली पद्धत वापरताना. ‘अहिंसक संवाद’ ही पद्धत मांडणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग यांची चार टप्प्यांची मांडणी घ्या: निरीक्षण, भावना, गरज, विनंती. लोक एवढंच लक्षात ठेवतात की वाक्याची सुरुवात ‘मला वाटतं’नं करायची. मग ‘मला वाटतं तू स्वार्थी आहेस’ असं म्हणून मोकळे होतात. हा आरोपच झाला, फक्त सोवळ्यातला. त्याऐवजी असं म्हणून बघा: ‘मुंजीची तारीख मला शेजाऱ्यांकडून कळली. वाईट वाटलं. घरातलं घरातूनच कळावं असं वाटतं मला. पुढच्या वेळी आधी एक फोन करशील?’ यात घडलेली गोष्ट आहे, मनात काय झालं ते आहे, काय हवं होतं ते आहे आणि समोरच्याला करता येईल असं काम आहे. नुसतं समजावून भागत नाही. दोघादोघांच्या जोड्या करून प्रत्येकाला एक जुनी तक्रार या चार टप्प्यांत बांधायला लावा. पहिल्यांदा जमत नाही, तिसऱ्या टप्प्याशी बहुतेक जण अडतात. तिथंच थोडं थांबा.

तक्रार मात्र खऱ्या नावानिशी नको. पेठेतल्या वाचनालयात सासू आणि सून एकाच यादीत सभासद असतात. नाती बदलून सांगा, आणि कोण काय म्हणालं ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

कुणी मनातलं बोललं की लगेच ‘तुम्ही असं करा’ सुरू होतं. सल्ला मागितलेला नसतो. समोरचा थांबल्यावर मनात पाच अंक मोजा, मगच तोंड उघडा. कुणाचे डोळे भरून आले तर पाणी द्या, चर्चा संपल्यावर बाजूला बसून विचारपूस करा आणि गरज दिसली तर समुपदेशकाकडे जायला सुचवा. गोलात बसून कुणाचं घर दुरुस्त करायला जाऊ नका. पुणेरी टोमण्यालाही इथं सुट्टी द्या. त्याला हशा मिळतो आणि पुढच्या वेळी दोन माणसं येत नाहीत.

शेवटच्या पंधरा मिनिटांत नवा मुद्दा काढू नका. गप्प राहिलेल्यांना विचारा. ‘मला फक्त ऐकायचंय’ हेही उत्तर चालेल, असं आधीच सांगून ठेवलेलं बरं. आभारप्रदर्शन राहिलं तरी चालेल, पुढच्या वेळी कुठलं प्रकरण घ्यायचं ते मात्र उठण्याआधी ठरवा.