फोंड्याहून ताडोबा: सहा जणांच्या सफारीचा हिशोब

गोव्यात फोंड्याच्या वरच्या बाजारात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. रोज संध्याकाळी साडेसातला पिग्मीवाला (रोजची बचत दारात येऊन गोळा करणारा) येतो. पूर्वी त्याच्याकडे शंभर भरायचो, मग दोनशे भरायला लागलो. महिन्याचे 26 दिवस धरले तर 5,200 रुपये, आणि अठरा महिन्यांचे 93,600. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत घरचे सहा जण चंद्रपूरजवळच्या ताडोबा व्याघ्रप्रकल्पात जाऊन आलो, ते याच पैशांवर. एकूण खर्च 98,000 झाला. वरचे चार-साडेचार हजार पिग्मीच्या व्याजातून आणि गल्ल्यातून काढले. कर्ज नाही, कार्डावर हप्ते नाहीत. दुकानात येणारे पालक विचारतात, एवढं कसं जमवलंत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी एक चूक सांगतो, कारण पुढचा सगळा हिशोब तिच्यातूनच सुचला. या सहलीच्या तीन वर्षं आधी आम्ही एका एजंटाकडून ‘सफारीसह’ असं तीन रात्रींचं पॅकेज घेतलं होतं. 32,000 रुपये दिले. तिथे गेल्यावर कळलं, की सफारी म्हणजे जंगलाच्या कडेने एकच फेरी, दोन तासांची. उरलेले दोन दिवस पोहण्याचा तलाव आणि कॅरम. परतताना मुलगी गाडीत गप्प बसून होती. जानेवारी 2020 मध्ये आपल्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यात, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले. ती बातमी नंतर तिच्या वाचनात आली आणि तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं, की वाघाचं रान आपण डोळ्यांनी पाहायचं. तिला मी कॅरम दाखवून आणलं होतं.

म्हणून पहिलं काम हे करा: हॉटेल, तिकिटं सगळं बाजूला ठेवा आणि कागदावर लिहा, जंगलाच्या आत किती फेऱ्या हव्यात. एक फेरी साधारण साडेतीन-चार तासांची असते, सकाळची किंवा दुपारची. आमच्या मते कुटुंबाला तीन फेऱ्या पुरतात. एकच केली आणि त्या दिवशी जंगल शांत असलं, तर एवढ्या लांबचा प्रवास मनाला लागतो. पाच-सहा केल्या तर लहान मुलं कंटाळतात आणि म्हाताऱ्यांची पाठ धरते. तीन ठरल्या की त्यांचे पैसे आधी बाजूला काढायचे. हॉटेल उरलेल्या पैशांत बसवायचं. सकाळच्या फेरीला साडेचारला उठावं लागतं, दुपारचं जेवण झालं की परत निघायचं, रात्री नऊला डोळे मिटतात. महागडी खोली बघायला वेळच कुठे असतो? स्वच्छ अंथरूण, गरम पाणी आणि पहाटे चहा देणारा माणूस एवढं असलं की झालं.

दुसरं म्हणजे जिप्सीचा, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीचा हिशोब. सफारीचा खर्च आपण सवयीने माणशी धरतो. प्रत्यक्षात पूर्ण जिप्सी घेतली, की प्रवेशशुल्क, गाडीभाडं आणि गाइडचं मानधन हे सगळं गाडीमागे असतं. ताडोब्यात एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. आम्ही घरात पाच जण: मी, बायको, आई, मुलगी आणि मुलगा. सहावी जागा रिकामी गेली असती, आणि पैसे तेवढेच पडले असते. साखळी गावी माझी बहीण असते, तिच्या मुलाला बरोबर घेतलं. त्याचं रेल्वेचं तिकीट तिने काढलं, खोलीत तो मुलांबरोबर झोपला. घरात चारच असाल तर दोघांचं नातलग जोडपं शोधा. सात असाल तर मात्र दुसरी जिप्सी लागते आणि सफारीचा आकडा दुप्पट होतो. हे आधी मोजा, नंतर मोजून उपयोग नाही.

दिवस कुठले निवडता यावर बराच पैसा वाचतो. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दर चढे असतात, मंगळवारी ताडोबा बंद असतं. जुलै ते सप्टेंबर कोअर भाग (जंगलाचा गाभा) बंद, बफरमध्ये (त्याच्या भोवतालच्या पट्ट्यात) मात्र पावसातही फिरता येतं. वाघ दिसण्याची शक्यता एप्रिल-मे महिन्यांत जास्त, कारण पाणवठे आटतात आणि जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात. पण चंद्रपूरचा मे म्हणजे पंचेचाळीसच्या आसपासचा उन्हाळा. आई 68 वर्षांची, तिला तिथे नेणं मला पटलं नाही. शिवाय 2025 पासून आपल्याकडे सहावी ते दहावीचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. मार्च-एप्रिल म्हणजे माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून दिवाळीची सुट्टी धरली, पाडव्याची गर्दी ओसरल्यावरचा आठवडा. गवत तेव्हा उंच असतं, वाघ लपतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवलं.

मडगावहून रविवारी संध्याकाळी नागपूरची विशेष गाडी होती, सोमवारी रात्री पोचलो. मंगळवार बंदच, म्हणून घाई केली नाही. नागपुरात मोठी गाडी ठरवली, वाटेत वरोऱ्याला बाबा आमटेंचं आनंदवन पाहिलं आणि संध्याकाळी मोहर्लीला उतरलो. बुधवार ते शुक्रवार तीन फेऱ्या केल्या: दोन मोहर्ली गेटमधून कोअरच्या, एक आगरझरीच्या बफरची. शनिवारी परतीची गाडी. बफरची फेरी थोडी स्वस्त पडते आणि इरईच्या पाण्याकाठी पक्षी भरपूर. एक तरी बफर घ्याच.

नोंदणीत क्रम चुकवू नका. सफारीची जागा मिळाल्याशिवाय दुसरं काही काढायचं नाही. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणून सफारी त्याच्याही आधी ठरलेली हवी. सफारी महाराष्ट्राच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः करा, ओळखपत्रावर जसं नाव आहे तसंच अक्षर न् अक्षर घाला, आणि गेटवर मूळ ओळखपत्र न्या. गोव्यातल्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कुणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर विदेशी माणसाचे दर बरेच जास्त असतात. पण ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या विदेशी नागरिकांना मिळणारं) असलेल्यांना राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांच्या प्रवेशशुल्कात भारतीयांचाच दर लागू होतो, केंद्राची तशी 2021 ची अधिसूचना आहे. ते कार्ड कपाटात ठेवून जाऊ नका. आणि ज्येष्ठांची रेल्वे सवलत 2020 पासून बंद आहे. मी आईचं अर्धं भाडं धरून बसलो होतो, तो फरक नंतर भरावा लागला. पाच ते बारा वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवी असेल तर त्याचंही पूर्ण तिकीट लागतं.

आमचे आकडे असे. रेल्वे, थ्री एसी, जाऊन-येऊन सहा जण: 22,000. नागपूर ते मोहर्ली आणि परत, मोठी गाडी: 10,000. राहणं पाच रात्री, दोन खोल्या: 24,000. तीन सफारी: 24,000. जेवणखाण: 12,000. इतर: 6,000. या ‘इतर’मध्ये बक्षिसी, औषधं आणि स्वेटर येतात.

स्वेटर ऐकून हसू नका. आपल्या मुलांनी थंडी पाहिलेली नसते. नोव्हेंबरच्या पहाटे उघडी जिप्सी धावायला लागली की वारा कानात शिरतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी तिन्ही मुलांना कानटोप्या आणि स्वेटर घेतले, तिथे शेवटच्या दिवसाच्या धावपळीपेक्षा निम्म्यात मिळाले. मोबाइल कोअरमध्ये नेता येत नाही, म्हणून शेजाऱ्यांची दुर्बीण मागून घेतली. तीच सगळ्यांत जास्त कामाला आली.

जाण्याआधी घराजवळ सराव करा, त्याला खर्च जवळपास नाही. आम्ही मुलांना बोंडल्याला नेलं (गुरुवारी बंद असतं), मग एका सकाळी रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला, सलीम अली पक्षी अभयारण्यात. तिथे कळलं, की मुलगा दीड तासापेक्षा जास्त गप्प बसू शकत नाही आणि त्याला लघवीला लागतं. जिप्सीतून मधेच उतरता येत नाही. म्हणून ताडोब्यात पहाटे त्याला चहा-दूध दिलंच नाही, खिशात चणे-गूळ दिला. आईसाठी घरून कापसाची छोटी उशी नेली. मागच्या बाकावर हिसके जास्त बसतात, तिला पुढच्या बाकावर बसवलं आणि उशी कमरेमागे. तीन दिवस तिने एकदाही पाठ दुखते म्हटलं नाही.

हे सगळं परवडत नसेल तर कर्नाटकातलं दांडेली आहे. अनमोड घाटाने स्वतःच्या गाडीने तीन-एक तास, दोन रात्री, काळी व्याघ्रप्रकल्पातली एक-दोन फेऱ्यांची सफारी. दाट रान, वाघ क्वचित, पण धनेश पक्षी आपल्या डोक्यावरून पंखांचा आवाज करत जातात. चौघांचं काम एक तृतीयांश पैशांत होतं.

बक्षिसीचे पैसे घरूनच वेगळ्या पाकिटात, सुट्ट्या नोटांत घाला. गाइड तिथल्याच गावांतले असतात, बायकाही असतात. दुसऱ्या फेरीला आम्हांला ताईच मिळाल्या. त्यांनी जिप्सी थांबवून धुळीतलं वाघिणीचं पाऊल दाखवलं. दव पडलं होतं, पण पावलाच्या आतली माती कोरडी होती. म्हणजे दव पडल्यानंतर ती गेलीय, त्या म्हणाल्या, अर्धा तासही झाला नसेल. लांब सांबर ओरडलं. आम्ही चाळीस मिनिटं तिथेच थांबलो, मुलगा हलला नाही. वाघीण बाहेर आली नाही. उतरताना मुलीने पाकीट माझ्या हातातून घेतलं आणि ताईंना स्वतः दिलं.